शाळा सुटतानाची हाक

३ नोव्हेंबर, सोम.
दिवाळीनंतरचा पहिला दिवस. निम्मी पोरं रडायलीत, निम्मी खोकायलीत. त्यात मोठ्या बाईंच्या टेबलावर पाच नवे टॅब. संस्थेनं पाठवलेत, छोट्या गटासाठी, म्हणजे माझ्याच वर्गासाठी. थोडं टॅबवर, थोडं हातानं, असं मिसळून शिकवायचं म्हणे. मी म्हटलं, "अहो बाई, ह्यांना अजून नाक पुसता येत नाही." तर म्हणाल्या, "ते तू शिकव. बाकीचं टॅब शिकवंल." शाळेच्या मुख्याध्यापिका असून असलं बोलतात. मला काय हसू आलं नाही.

६ नोव्हें., गुरु.
ट्रेनर मॅडम आल्या पुण्याहून. म्हणे टॅबमधला आवाज परका असला की पोरं रमत नाहीत, तर वर्गातल्या बाईंचाच आवाज भरू. खेळाच्या सामानाच्या खोलीत बसून दोन तास बडबडले. रंग, आकडे, फळं, सहा गाणी, चार गोष्टी. शेवटी अठरा पोरांची नावं, हजेरीसाठी. दर वाक्याला मॅडम, "शुद्ध बोला हं, सुरेखाताई." बोलले बाई शुद्ध. माझं मलाच बातम्या वाचल्यासारखं वाटलं.
पुढं हा टॅब तुमच्या आवाजात नवी वाक्यंसुद्धा स्वतः जुळवील, म्हणाल्या. कागदावर सही घेतली. नीट वाचलं नाही. घसा बसला होता, चहा पाहिजे होता.

१२ नोव्हें., बुध.
खोटं कशाला बोला, जमायलंय. चार कोपरे केलेत: एकात टॅब, एकात माती, एकात चिंचोके, एकात मी. वीस मिनिटांनी कोपरा बदलायचा. टॅबच्या कोपऱ्यात एवढी शांतता की कमलमावशी दोनदा डोकावून गेली. मावशी आमची मदतनीस, माझ्याही आधीपासून शाळेत. म्हणाली, "पोरं झोपली काय वो?"
झोया सगळ्यात हुशार. चार वर्षांची, गोल चेहरा, नियमाची पक्की. शाळा सुटताना मी दारात उभी राहून न्यायला आलेल्या माणसाचं तोंड बघते, मग पोराला हाक मारते, मगच पोर उंबरा ओलांडतं. अकरा वर्षं हेच करत आलेय. बाकीची पोरं आधीच चपला घालून उड्या मारत असतात. झोया नाव घेतल्याशिवाय दप्तराला हात लावत नाही. फाटकाबाहेर लगेच रस्ता, आणि ह्या दिवसांत उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, वर गाणी फुल आवाजात. म्हणून हा नियम.

१७ नोव्हें., सोम.
घसा गेला. चार दिवस काढा, हळद, खडीसाखर सगळं झालं. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. स्वरतंतूंवर गाठी, बारीक आहेत. "तीन आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचं पण नाही." मी हातानंच विचारलं, शाळा? म्हणाले, आवाज हवा का शाळा हवी?
घरी येऊन रडले. ह्यांना पाटीवर लिहून सांगितलं. फौंड्रीत राहून कान गेलेला माणूस, म्हणतो, "मला काय फरक पडत नाही बघ." हसवायला बोलले असतील, पण राग आला.

१८ नोव्हें., मंगळ.
रजा मागितली. मो. बाई म्हणाल्या, बदली कुणी नाही. आणि तुझा आवाज आहे की टॅबमध्ये!
तसंच केलं. मी नुसती उभी राहते, बटण दाबते. "मुलांनो, गोल करून बसा." पोरं गोल करून बसतात. एकानंही विचारलं नाही, बाई तुम्हाला काय झालं.
सुटतानाची हाकसुद्धा टॅबवरच. माणूस आला की त्या पोराचा फोटो दाबायचा, टॅब नाव घेतो. ही कल्पना माझीच होती, हे लिहून ठेवते.

२४ नोव्हें., सोम.
आठवडा झाला. वर्ग सुरळीत. जरा जास्तच सुरळीत. आज नीलचा डबा सांडला, मी कापड आणायला वळले तोवर टॅब म्हणाला, "असू दे रे राजा, पुसू आपण."
मी दाबलं नव्हतं. आणि हे मी भरलेलं वाक्य नाही. मॅडमसमोर "राजा" म्हटलंच नव्हतं मी.
ट्रेनर मॅडमना मेसेज केला. उत्तर आलं, अरे वा, आवाज शिकतोय, वर्गातलं ऐकून ऐकून! पुढं अंगठा. पण मी वर्गात बोलायची बंद होऊन आठवडा झालाय. मग आधीच्या आठवड्यात ऐकलं असंल. असंच असणार.

२६ नोव्हें., बुध.
मातीच्या कोपऱ्यात झोया माझ्याशेजारी बसलेली. पलीकडं टॅबवर गोष्ट चाललेली. ती माझ्याकडं बघत राहिली बराच वेळ.
"बाई, तुमी बोलताना तुमचं तोंड का हलत न्हाय?"
मी गळ्याला हात लावून दाखवला, दुखतंय म्हणून. तिनं मान डोलावली. मग माझ्या ओठांवर मातीचं बोट ठेवून बघितलं.

३० नोव्हें., रवि.
दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. हे आतून ओरडले, "आलो, आलो! किती हाका मारतीस!" बाहेर येऊन म्हणतात, चहा कुठाय? मी पाटीवर लिहिलं, मी हाक मारली नाही. हे म्हणाले, मग टीव्हीवर असंल.
टीव्ही बंद होता. मोबाईलमध्ये त्या टॅबचं, माझ्या आवाजाचं ॲप आहे तेवढं. तो पर्समध्ये, पर्स कपाटात. ॲप काढून टाकलं. ह्यांना मी समोर उभं राहून ओरडले तरी धड ऐकू येत नाही, हे कुणाला सांगायचं?

२ डिसेंबर, मंगळ.
घडलं तसं लिहिते.
शाळा सुटायला दहा मिनिटं. पाचही टॅब मी कपाटात ठेवून कुलूप लावलेलं, कारण चार्जिंग संपलेलं. किल्ली कमरेला. आज हाताला धरूनच सोडू म्हटलं. तेवढ्यात नीलनं चड्डी खराब केली. त्याला घेऊन मोरीवर गेले, वर्ग मावशीवर सोपवला. नीलला धुतलं, पुसलं, बाहेर आले तर झोया नाही.
मावशी शांतपणे चटया गोळा करायलेली. मी हातवारे केले, झोया कुठाय? मावशी म्हणाली, "अवो, तुमीच हाक मारलासा की! मी म्हटलं, आवाज आला वाटतं परत बाईंचा."
पळाले. फाटक उघडं. झोया रस्त्याच्या मधोमध, दप्तर पाठीवर, कुणीतरी बोट धरायला येणार अशी हात पुढं करून उभी. बावड्याच्या रस्त्यानं ट्रॅक्टर येत होता. ओरडायला तोंड उघडलं, आवाज नाही. रिक्षावाल्या दिलावरभाईंनी उडी मारून उचललं. ट्रॉलीतला ऊस त्यांच्या पाठीला घासून गेला.
तिची नानी पाच मिनिटांनी आली, रोजच्या वेळेला.

३ डिसें., बुध.
मो. बाईंनी मावशीला बोलावून विचारलं. मी बाजूला पाटी घेऊन.
"काय ऐकलंस नेमकं?"
"झोया, चल गं माझे बाय, कोण आलंय बघ! असं. बाईंचंच की वो ते. दुसरं कोण म्हनतंय तसं?"
खरं आहे, दुसरं कुणी म्हणत नाही. मी भरलं होतं ते नुसतं "झोया", तेही शुद्ध. कुलूप मो. बाईंनी स्वतः उघडलं. पाचही टॅब गार, बंद.
मो. बाई माझ्याकडं वळल्या. "सुरेखा, डॉक्टरांनी बंद केलंय म्हणून तू मुद्दाम लपवत नाहीस ना? चुकून मारली असशील हाक. मी कुणाला सांगणार नाही."
पाटीवर लिहिलं, मी मोरीवर होते. त्या म्हणाल्या, मोरीवरून पण ऐकू जातं की तुझं.
घरी आल्यापासून तेच डोक्यात. मारली असंल काय मी?

५ डिसें., शुक्र.
ट्रेनर मॅडमचा फोन, मो. बाईंनी स्पीकरवर लावला. त्या वेळेला एकही टॅब चालू नव्हता, त्यांच्याकडं नोंदच नाही. बंद टॅब बोलू शकत नाही, म्हणाल्या, जरा हसून. मी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, टॅब न्या नाहीतर मी राजीनामा देते. मो. बाईंनी वाचलं, पुसलं, आणि फोनवर म्हणाल्या, "सध्या परत घेऊन जावा."
झोया तीन दिवस आली नाही. संध्याकाळी तिच्या घरी गेले. वडील गॅरेजमध्ये रंगकाम करतात, कामावर होते. नानींनी चहा दिला, पण बसायला सांगताना तोंड वाकडंच. "बाई, तुमच्या आवाजावर पोरगी सोडायलो आमी. आता कुणाच्या भरवशावर सोडायची?" झोया पडद्यामागून बघत होती. शेवटी नानी म्हणाल्या, तुमचा आवाज येऊ दे, मग बघू.

८ डिसें., सोम.
डॉक्टरांनी नळी घातली. गाठी विरघळल्यात. "म्हणा, आ." म्हटलं. माझाच आहे. जरा खरखरतोय, पण माझा. दवाखान्यातून बाहेर येऊन रस्त्यावरच भाजीवालीशी भांडले, कारण नसताना. एवढा आनंद झाला.
टॅब सकाळीच पुण्याला गेले, खोक्यात घालून. मावशीनं वरनं सुतळी बांधली, दोन गाठी जास्तच मारल्या.

१० डिसें., बुध.
झोया आली. नानी स्वतः सोडायला. म्हणाल्या, "न्यायला मी अर्धा तास आधीच येऊन फाटकाला उभी राहणार. तुमी हाक मारा, मी ऐकते."
दिवस चांगला गेला. गाणी म्हटली, ओरडले, नीलला दटावलं. पोरं दंगा करायलीत, आणि मला त्या दंग्यात देव दिसला.
सुटायच्या वेळी दारात उभी राहिले. फाटकाला नानी. चेहरा नीट बघितला. पोटातून हाक मारली, रोजची, आमची. "झोया, चल गं माझे बाय, कोण आलंय बघ!"
झोया उठली. दप्तर घेतलं. दोन पावलं माझ्याकडं आली आणि थांबली. मान वळवून वर्गातल्या टॅबच्या रिकाम्या कोपऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. डोळ्यांत पाणी.
"बाई, दोघींनी एकदम नका हाक मारू की. कुणाकडं येऊ मी?"
मी गेले, तिला कडेवर घेतलं. मावशीकडं बघितलं नाही, तिनं काय ऐकलं ते विचारलं नाही. फाटकापर्यंत गेले आणि पोरगी नानींच्या हातात दिली.
नानी खूष. माझ्या तोंडावरून हात फिरवला. "आला बाई आवाज! पर दोनदा कशाला वरडायचं? मला एकदात ऐकू आलंतं की."
मी एकदाच मारली होती.
उरलेल्या सतरा पोरांना एकेकाचं मनगट धरून फाटकापर्यंत नेऊन सोडलं. पाऊण तास लागला. बाहेर आया कुरकुरत होत्या, आत पोरं आपापलं नाव यायची वाट बघत बसून होती, आणि मी तोंड उघडलं नाही.