तुमचं निदान केलं तो दिवस

सर, तुम्ही गेलात तेव्हा तुमचं जे वय होतं, त्याच्या अगदी जवळ मी आता येऊन पोचले आहे. केस पिकले, उजवा खांदा थंडीत ठणकतो, अडलेल्या गाईच्या पोटात हात घालून वासरू फिरवताना पूर्वी लागत नव्हता तेवढा दम लागतो. हे तुम्हाला सांगावंसं वाटतं, कारण तुम्ही त्यावर नक्की काहीतरी तिरकं बोलला असतात. मी कितीतरी वर्षं रोजनिशी लिहिते आहे, पण तुमच्याबद्दल तिच्यात फार थोडं आहे. तुमच्याविषयी लिहायला बसलं की दोन ओळींनंतर मी तुमच्याशीच बोलायला लागते आणि मग रोजनिशी बाजूला राहते. म्हणून आज सरळ तुम्हालाच लिहिते. जे आठवतं ते लिहीन. जिथे मी भर घालत असेन असं वाटेल, तिथे तसं सांगेन.

गोदावरीच्या अलीकडचं ते गाव, चहूकडे ऊस, आणि गुरांचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या, पुढे एक लिंबाचं झाड आणि जनावर अडकवायचा लोखंडी खोडा. मागच्या बाजूला तुमचं आणि काकूंचं क्वार्टर. मी पदवी घेऊन तिथे रुजू झाले तेव्हा आसपास कुणी बाईमाणूस जनावरांची डॉक्टर असल्याचं लोकांनी पाहिलेलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात पुणतांब्याकडचा एक शेतकरी गाय घेऊन आला आणि मला बघून तुम्हाला म्हणाला, "डाक्टर, आज लेकीला घिऊन आला व्हय?" तुम्ही हातातलं काम न थांबवता म्हणालात, "लेक नाही, डॉक्टर आहे. तिचा हात माझ्यापेक्षा बारीक आहे. कुणाचा बरा ते तुमच्या गाईलाच विचारा." सगळे हसले. मीही हसले आणि मग कोपरापर्यंत साबण लावून खोड्याशी गेले. तुम्ही माझ्यामागे उभे राहिलात. "डोळे मीट," म्हणालात. "तू पुस्तक आठवते आहेस, तोंडावर दिसतंय." मी डोळे मिटले. त्या दिवसापासून मी जे काही शिकले ते बहुतेक मिटल्या डोळ्यांनी शिकले. बरगडीमागे बोटं कशी टेकायची, ठोकल्यावर पोट पोकळ वाजतं की भरीव, दुखऱ्या जागेवर जनावर श्वास कसं धरून ठेवतं. तुमचं एकच म्हणणं असायचं, आपले रोगी बोलत नाहीत, तेव्हा हाताला ऐकू यायला पाहिजे.

पण ज्यासाठी मी तुम्हाला सगळ्यांत जास्त मानते, ती गोष्ट तपासणीच्या नंतरची होती. मळ्यात राहणाऱ्या एका आजींची गाय आठवते तुम्हाला? एकट्या बाई, एकच गाय. तुम्ही मला एकटीला पाठवलं होतं. चाऱ्याबरोबर गेलेली तार पोटातून हृदयापर्यंत पोचली होती. गळ्याखालची कातडीची पोळी सुजून लोंबत होती, मानेवरची शीर उडताना नुसत्या डोळ्यांना दिसत होती. त्यावर उपाय नव्हता हे मला कळलं होतं. तरी मी एक इंजेक्शन टोचलं, "बघू आजी, दोन दिवसांत कळेल" असं म्हटलं आणि परत आले. तुम्ही विचारलंत, आजींना काय सांगितलंस? मी सांगितलं. तुम्ही चष्मा काढलात. "दोन दिवस कुणासाठी मागितलेस? गाईला तर ते नको आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला राजदूतवर मागे बसवून त्याच मळ्यात घेऊन गेलात आणि गोठ्याच्या दाराशी उभे राहिलात. मला बोलावं लागलं. मी बोलले. आजी रडतील असं मला वाटलं होतं. त्या चिडल्या. "मंग काल का न्हाई सांगितलं? काल खात हुती ती. आज तोंड लावीना कशाला. काल म्या तिला पुरन चारलं आसतं, कुकू लावलं आसतं. आता काय करू, उपाशी धाडू तिला?" मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही माझ्या मदतीला आला नाहीत. आजींनी शेवटी गाईच्या कपाळाला कुंकू लावलं, गुळाचा खडा तिच्या ओठांशी धरला, आणि तो तसाच खाली पडला. परत येताना तुम्ही गाडी थांबवून एवढंच म्हणालात, की बरं होणार नसेल तर त्याच दिवशी सांगायचं, जनावराच्या डोक्यावर हात ठेवून सांगायचं, आणि सांगताना बघायचं मात्र मालकाच्या तोंडाकडे. हे कुठल्याही पुस्तकात नाही. तुम्ही ते कुठून आणलंत, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

पुढे माझी बदली राजूरला झाली. डोंगरातली गावं, आखूड पायांची डांगी जातीची गुरं, पायी चालणं. तुम्ही आजारी असल्याचं तिथल्या आठवड्याच्या बाजारात एका औषधविक्रेत्याकडून कळलं. कावीळ झाली आहे, म्हणाला, पुण्याला दाखवून आणलंय. उन्हाळा संपत आला होता. मी मिळेल ती एसटी पकडून आले.

काकू मागच्या दाराशी भेटतात. मला पुढून जाऊ देत नाहीत, आधी स्वयंपाकघरात घेतात. स्टोव्हवर बिनफोडणीची दुधी भोपळ्याची भाजी शिजते आहे. काकू आवाज खाली आणून सांगतात, "कावीळ नाही गं ती. आतड्यातलं यकृतात गेलंय. पुण्याच्या डॉक्टरांनी मला नि मुलाला बाहेर बोलावून सांगितलं. यांना काही ठाऊक नाही, आणि कळू द्यायचं नाही. धसका घेतील. तुला माझी शपथ आहे." त्या काळी घरोघर असंच करत. त्यात मला वावगंही वाटलं नाही. मी म्हटलं, "बरं, काकू."

तुम्ही खिडकीजवळच्या खाटेवर आहात. डोळे हळदीसारखे पिवळे, मनगटं वाळलेली, आणि पोट तेवढं वर आलेलं. मी नमस्कार करायला वाकते तर तुम्ही म्हणता, "आलीस? हात धुऊन ये."

"सर, आधी जरा बसते."

"आधी हात."

मी न्हाणीत जाऊन हात धुते. परत येते तर तुम्ही सदरा वर करून उताणे झोपलेले. काकू माझ्यामागून येतात. "अहो, हे काय चाललंय?"

"परीक्षा. हिची घ्यायची राहिली होती."

"बाईमाणसासमोर असं..."

"ती डॉक्टर आहे." मग माझ्याकडे वळून म्हणता, "रोगी बोलत नाही असं धर. नेहमीसारखं तपास. डोळे मीट."

सर, पुढचं मी आजवर कुणाला नीट सांगू शकले नाही. दुखऱ्या पोटाला परका हात लागला की कुठलंही जनावर पोट आवळतं. माणूसही आवळतो, ते त्याच्या हातात नसतं. तुम्ही पोट सैल सोडलंत. माझी बोटं उजव्या बरगडीखाली शिरली, तिथे तुम्हाला काय होत असेल ते मला कळत होतं, आणि तुम्ही श्वास संथ ठेवला होतात, मला आतलं नीट लागावं म्हणून. त्यानंतर मी कितीतरी शूर माणसं पाहिली. पण आपल्या आतलं मरण विद्यार्थिनीच्या हाताला स्पष्ट लागावं म्हणून वेदनेत अंग ढिलं सोडून पडून राहिलेला माणूस मी एकच पाहिला. यकृताची कड लागली. दगडासारखी, खडबडीत, जिथे असायला नको तिथे उतरलेली. एका कुशीवर टिचकी मारली तर दुसऱ्या कुशीवरच्या तळहाताला पाण्याची लाट येऊन लागली. मी डोळे उघडले.

"सांग."

मी काकूंकडे पाहिलं. त्या दारात उभ्या होत्या आणि मान हलवत होत्या, नको, नको.

"तिकडे कुठे बघतेस? मालक इकडे आहे."

मी ते धैर्याने केलं की नुसत्या सवयीने, हे मला आजही ठरवता येत नाही. माझा हात उचलला गेला आणि तुमच्या कपाळावर जाऊन टेकला. ज्यांच्या पायाशी वाकायचं, त्यांच्या डोक्यावर मी हात ठेवला होता. तुमच्या तोंडाकडे बघत मी म्हणाले, "सर, ही नुसती कावीळ नाही. यकृतात गाठी आहेत, पुष्कळ. पोटात पाणी धरलंय. हे बरं होणारं नाही."

"किती?"

"पोळा दिसणं कठीण आहे."

"बरोबर," तुम्ही म्हणालात. "मी आषाढ धरला होता. तू जरा उदार आहेस."

काकू दारातच खाली बसल्या. "शपथ घातली होती गं तुला," एवढंच माझ्याकडे बघून म्हणाल्या. मग तुमच्याकडे वळल्या. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"पुण्याहून येताना एसटीत तू मला खिडकीची जागा दिलीस, तेव्हाच कळलं. लग्न झाल्यापासून कधी दिली नव्हतीस."

काकूंना रडता रडता हसू फुटलं, आणि त्याचाच त्यांना राग आला. "मग बोलला का नाहीत? मी रोज तोंड हसरं करून तुमच्यासमोर वावरतेय!"

"मीही तेच करतोय की." मग तुम्ही जरा थांबलात. पुढचं तुमच्या शब्दांत आठवत नाही, अर्थ आठवतो. दुसऱ्यांच्या गोठ्यात उभं राहून हे हजार वेळा सांगितलं, पण स्वतःच्या घरात, हिच्यासमोर, तोंडातून निघेना. बाहेरून कुणीतरी येऊन म्हणायला हवं होतं. हे तुम्ही छताकडे बघत म्हणालात. तुम्हाला काही जमत नाही, हे मी तुमच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. मग तुम्ही काकूंना म्हणालात, "आता तेवढी अळणी भाजी बंद कर. वांग्याचं भरीत कर, मिरची ठेचून."

काकू उठल्या, पदराने तोंड पुसलं आणि भोपळ्याची भाजी खाली उतरवून ठेवली. त्या दुपारी तुम्ही दोनच घास खाल्लेत, पण नाकातून पाणी येईपर्यंत तिखट खाल्लेत आणि काकू समोर बसून तुम्हाला नावं ठेवत होत्या.

त्यानंतर मी दर रविवारी येत राहिले. तुमची खाट लिंबाखाली आणलेली असायची. बातमी पसरली होती आणि लोक येत होते. येताना रिकाम्या हाताने कुणी येत नव्हतं, कुणी खरवस आणायचं, कुणी नुसतं बसायचं. तुम्ही प्रत्येकाला तुमचं सांगत होतात, जसं त्यांच्या गाईम्हशींचं सांगत आलात तसंच, आणि मग त्यांच्या जनावरांची चौकशी करत होतात. पहिल्या आठवड्यात मला लेक म्हणणारा तो पुणतांब्याकडचा शेतकरी डोळे पुसत म्हणाला, "तुमी चालला, आन आमच्या म्हशींचं कोन बघायचं?"

"सरकार कुणालातरी पाठवेल. तो येईपर्यंत अडलं-नडलं तर हिला निरोप धाडा."

"त्या डोंगरात ऱ्हात्यात की."

"येईल ती. आणि ही खरं सांगते. तुम्हाला आवडणार नाही."

"तुमचं तरी कुठं आवडत हुतं," तो म्हणाला, आणि तुम्ही इतके हसलात की काकूंनी धावत येऊन तुमच्या पाठीला हात लावला. मी राजूरला परतताना एसटीत तेच आठवत राहायचे. मरणाऱ्या माणसाभोवती इतकं हसू मी त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि ते हसू खोटं नव्हतं.

शेवटच्या रविवारी तुम्ही म्हणालात, "पुढच्या वेळी येऊ नकोस. मी असलो तरी बोलणारा नसेन. आजच नीट निघ." नीट निघायचं म्हणजे काय करायचं, मला कळेना. तुम्हीच म्हणालात, "त्या दिवशी बोललीस, बरं केलंस. आम्हा दोघांना एवढे दिवस मिळाले." मी पायांवर डोकं ठेवलं. तुम्ही म्हणालात, "जा, गाडी चुकेल." मी गेले. वळून पाहिलं की नाही, आठवत नाही. पाहिलं असं लिहिलं तर ती भर होईल. तुम्ही आषाढातच गेलात. तुमचंच निदान बरोबर निघालं.

काकू आता श्रीरामपूरला मुलाकडे असतात. ऐकू कमी येतं, बाकी ठणठणीत आहेत. मागच्या महिन्यात भेटायला गेले तेव्हा त्यांनी एकाएकी विचारलं, "यांच्या डोक्यावर हात ठेवलास ना तू, तेव्हा तुझ्या मनात काय आलं गं?" मी म्हटलं, भीती वाटली, रडू आलं. त्यांनी मान डोलावली. पण घरी आल्यावर ते उत्तर मला पुरेना, म्हणून हे लिहायला घेतलं. तुमच्या नावाने लिहून त्यांच्या हातात द्यावं, असं मनात होतं.

आता देणार नाही. भीती वाटली, रडू आलं, हे खरंच आहे, पण ते नंतर. तुम्ही "बरोबर" म्हणालात तेव्हा तुमचं तापलेलं कपाळ माझ्या हाताखाली होतं, काकू दारात उभ्या होत्या, आणि सर, मला आनंद झाला. माझं निदान बरोबर आलं, एवढाच, पण भरभरून. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. तुम्हाला तो दिसला असावा. काकूंना दिसला नाही, तो तसाच राहू दे.