चिमीचं नाक

शनि. १५ डिसें. ५६
घरात उभा असलेला मी एकटा. आमची बुढी परवापासून आडवी, पोरगा तुळशीराम कालपासून. सून कमळा हिला दिवसाआड हिव भरून ताप, आज तापाची पाळी. नात चिमी तीन महिन्यांची. तिला ताप नाही, पण नाक गच्च. अंगावर घेतली की दोन घोट घेते, दम कोंडतो, सोडते, रडते. कमळा म्हणाली, "मामाजी, हे ओढूनच नाई राह्यली."
कालच्या तळ्यावरच्या मासोळ्या टोपलीत तशाच. धुरावर धरल्या नाहीत तर सडतील. मंगळवारी बाजार. एका जिवाने काय काय करावं.

रवि. १६
युक्ती सापडली. चुलीवर बांबूची ताटी, ताटीवर मासोळ्या, शेजारीच आढ्याला धोतराचा झोका. झोक्याची दोरी माझ्या पायाच्या अंगठ्याला. तळ्यावर गळाची दोरी अशीच बांधून बसतो, ओढ लागली की अंगठ्याला आधी कळतं. दोन्ही हात मोकळे, मासोळ्या उलटल्या, पेज केली. पोरीलाही ऊब. मनात म्हटलं, बुढ्या, अक्कल आहे शिल्लक.
बुढी गोधडीतून बोलली, "चार लेकरं झाली, एकाचं तरी नाक पुसलं का? आता झोका देऊन राह्यला."
म्हटलं, तेव्हा तळ्यावर असायचो.
"हो. तळं पळून जात होतं."
बोलते आहे म्हणजे बरी होईल.

सोम. १७
सकाळपासून चिमी पीतच नाही. छातीत घरघर. रडते, पण आवाज बसलेला. कमळा आज पुन्हा हिवाने कापते, दातावर दात. ऊब कमी पडते वाटून चुलीत आणखी लाकूड सारलं. ओलं होतं. दुपारपर्यंत चिमीचं लंगोट कोरडंच. तीन वेळा हात घालून पाहिलं. कोरडंच.

सोम. तोच दिवस, जरा उसंत
सोनुबाई आली. पलीकडच्या गोंडटोला वस्तीवरची सुईण, चिमी तिच्याच हातात आली. दारात उभी राहून डोळे चोळले तिने.
"काऊन भाऊ, मासोळ्या सुकवून राह्यला का पोरगी?"
मी घाईने अंगठ्याची दोरी काढली.
तिने झोका सोडून पोरीला ओसरीत उन्हाला नेलं. कापसाच्या वातीला मिठाचं कोमट पाणी लावून नाक साफ केलं. वात काळी निघाली. माझ्याच चुलीचा धूर. ढिवराच्या घरात धूर म्हणजे भरलं घर, आमच्या नाकाला तो कळतच नाही. तीन महिन्यांच्या नाकाला कळतो, हे साठीत समजलं.
बुढी म्हणाली, तापल्या आईचं दूध पाजू नये. सोनुबाई म्हणे, "मंग काय तळ्याचं पानी पाजतं?" कमळाने वाटीत दूध काढून दिलं. इतकुसंच, पण निघालं. सोनुबाई मला म्हणाली, "हे घे भाऊ. बोळ्यानं पाज. थोडं थोडं. घाई केली त ठसका लागन."
मी काही कापसाच्या बोळ्याने दूध पीत नाही, असं आयुष्यभर लोकांना ऐकवलं. आज त्याच बोळ्याने पाजायला शिकलो. जाळ्याची गाठ मारणारी बोटं, बोळाही धड धरत नव्हती. अर्धं गालावरून गळालं. अर्धं पोटात गेलं.
मासोळ्यांची ताटी सोनुबाईने उचलली. "माह्या आंगनात ठेवतो. तू पोरगी पाह्य."
दिवे लागताना लंगोट ओलं. इतका आनंद मोठी मरळ गळाला लागल्यावरही झाला नव्हता.

मंगळ. १८
मासोळ्या घेऊन बाजारात सोनुबाईच गेली. दवाखान्याच्या कडू गोळ्या आणल्या तिघांसाठी. ओवा तव्यावर भाजला, फडक्यात बांधला, आधी माझ्या मनगटाला लावून पाहिला, मग चिमीच्या छातीला. चूल आता मागच्या पडवीत. झोका ओसरीत.
बोळ्याने पाच वेळा. वेळ पाटीवर लिहिली. तुळशीराम शाळेत होता तेव्हा याच पाटीवर त्याच्याबरोबर मी अक्षरं गिरवली. पडल्या पडल्या म्हणतो, "बाबा, आता तिलेही शिकवा." आधी नाक तर मोकळं होऊ दे तिचं, म्हटलं.

बुध. १९
कमळाचा ताप आला, पण उशिरा आला आणि लवकर गेला. घाम फुटला. तुळशीराम उठून बसला, पेज मागून घेतली. बुढी पडवीतल्या चुलीपाशी जाऊन बसली आणि माझ्या पेजेला नावं ठेवली. मीठ म्हणे मोजून नाही, मूठ भरून टाकता.
चिमीची घरघर कमी. शिंक आली तिला. मोठ्या माणसासारखी.

गुरु. २०
सकाळी कमळाने सहज अंगावर घेतली. मी वाटी-बोळा घेऊन उभाच. चिमीने तोंड लावलं. एक घोट, दोन. थांबली. नाकाने श्वास घेतला, आवाज ऐकू आला मला. मग पुन्हा ओढायला लागली. मधे सोडलं नाही. कमळा माझ्याकडे पाहून राहिली. मी वाटी धुवायला म्हणून निघून गेलो.
आता झोक्यात निजली आहे. मला सकाळपासून शिंका, म्हणून तोंडाला उपरणं बांधून लांब बसलो. दोरी लांब केली. बुढी म्हणे, "आता तरी सोडा ते अंगठ्याची."
उद्या कमळाची पाळी. ताप येतो की चुकतो, सकाळी कळेल. बोळे करून ठेवले आहेत. दोरी अंगठ्यालाच आहे.