नकाशातला पलंग

३ जानेवारी
नवीन डायरी. डायरी ऑफिसची, फुकट मिळालेली, पण संकल्प माझा स्वतःचा. यंदा स्वतःचं घर. लग्न पाहावं करून, घर पाहावं बांधून म्हणतात. लग्न करून पाहिलं. घरं मात्र नुसती काढली, कागदावर, गृहनिर्माण खात्याच्या ड्रॉइंग सेक्शनमध्ये बसून, अख्ख्या शहरासाठी. बायकोचं म्हणणं, तुम्ही दुसऱ्यांच्या भिंती काढत बसा, आपल्या भिंतीची ओल छतापर्यंत पोचली.

सकाळी घरमालक आले. बिल्डिंग पाडायला काढलीय, डिसेंबरअखेर खोल्या रिकाम्या करा म्हणाले. मी शांतपणे सांगितलं की आम्ही त्याआधीच जाणार आहोत. ते गेल्यावर बायकोने विचारलं, कुठे? तपशिलाला अजून वेळ आहे.

आईला शब्द दिला. नव्या घरात खिडकीपाशी तुझा पलंग. सध्या तिची लोखंडी खाट पॅसेजमध्ये आहे आणि बाथरूमला जाणारा प्रत्येक जण तिच्या पायांना धडकून जातो. आई म्हणाली, आधी भिंती उभ्या राहू देत, मग खिडकीचं बघू. वय झालं की माणूस निराशावादी होतो.

८ जानेवारी
आणखी एक संकल्प. घराबद्दल कुणाजवळ चकार शब्द काढायचा नाही.

संध्याकाळी – वरच्या मजल्यावरचे शिंपीकाका, दूधवाला आणि लेकीचे रिक्षावाले, तिघांना सांगून झालं. विषय त्यांनीच काढला. म्हणजे शिंपीकाकांनी 'काय, कसं काय' असं विचारलं होतं.

२१ जानेवारी
मीटिंग. आमच्या परवडणाऱ्या घरांच्या स्कीमचा सांगाडा उभा आहे, आतल्या भिंती व्हायच्यात. मजल्यावर आठ फ्लॅट. वरून आदेश आला, नऊ बसवा. जागा तेवढीच. सगळे माना खाली घालून बसले. मी उभा राहिलो. म्हटलं, प्रत्येक घराची भिंत वीतभर आत घ्या. आठ घरांतून जे उरेल त्यात लिफ्टशेजारी नववं घर बसतं. कुणाच्या लक्षातही येणार नाही. साहेब म्हणाले, अशी माणसं खात्याला हवीत.

यामागचा खरा विचार फक्त इथे लिहितो. घरं जास्त, तर सोडतीत आपला नंबर लागण्याची शक्यता जास्त. एका दगडात दोन पक्षी. रात्री जेवताना बायकोला समजावलं. ती म्हणाली, म्हणजे तुम्ही आपलंच घर लहान करून आलात? दवाखान्यात हिशेब सांभाळते, पण गणित कच्चं ते कच्चंच.

२४ जानेवारी
दिवसभर वैताग. नव्या मापात हॉलमधला वयस्कर माणसाचा पलंग बसेना. पलंग ठेवला की दार उघडत नाही, दार उघडलं की पलंग भिंतीत घुसतो. त्यात साहेबांना प्लॅन आजच्या आज हवा. शेवटी पलंग जरा आखूड काढला. लगेच हॉल कसा ऐसपैस दिसायला लागला. यात गैर काही नाही. सगळेच ड्राफ्ट्समन फर्निचर जरा बारीक काढतात, फोटो काढताना आपण पोट आत घेतो तसं. शेजारच्या टेबलावरचा सहकारी, त्याला आम्ही पट्टी म्हणतो, वाकून बघत म्हणाला, यावर झोपणार कोण? मी म्हटलं, नकाशातला पलंग झोपायला नसतो, दाखवायला असतो.

नवव्या घराची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे पाइपांच्या बोळात, उघडते. त्याला 'कॉम्पॅक्ट कॉर्नर' असं नाव दिलं आणि कोपऱ्यात एक कुंडी काढली. संध्याकाळी मंजूर.

१७ फेब्रुवारी, रविवार
घराची रंगीत तालीम. गच्चीवर खडूने भिंती आखल्या, खऱ्या मापाच्या, आणि सगळ्यांना आत उभं केलं. बायकोला म्हटलं, फ्रिज उघडून दाखव. ती फ्रिजचं दार उघडायला म्हणून मागे सरकली ती थेट शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये. लेक विचारत होती, बाबा, मी बाथरूममध्ये आहे की बाथरूमच्या दारात? आई खुर्ची टाकून मधोमध बसली, तर तिच्याभोवती घरच उरलं नाही. तेवढ्यात शिंपीकाका कपडे वाळत घालायला आले ते भिंतीतून सरळ स्वयंपाकघरात. मी जरा जोरात बोललो. त्यांचं म्हणणं, भिंत दिसली नाही.

निष्कर्ष एक: खडूची रेघ जाड असते, जागा खाते. निष्कर्ष दोन: घर भरपूर आहे, आमच्या लोकांना वावरायची शिस्त नाही.

१८ फेब्रुवारी
वावरण्याचं वेळापत्रक करून पॅसेजमध्ये लावलं.

१९ फेब्रुवारी
वेळापत्रक काढलं. ते वाचायला सगळे एकाच वेळी पॅसेजमध्ये उभे राहत होते.

११ मार्च
अर्ज भरायला आमच्याच ऑफिसच्या खिडकीवर रांगेत उभा. खिडकीवरचा कारकून रोज माझ्याबरोबर चहा पितो. त्याने माझ्याकडे ओळखपत्र मागितलं. मग म्हणाला, राहत्या जागेचा दाखला नाही, उद्या या. दाखल्यावर घरमालकाची सही लागते. घरमालक गावाला. पाडायच्या बिल्डिंगमध्ये आपण राहतो हे सिद्ध करायला एवढी यातायात. चहाच्या वेळी तोच कारकून हसत शेजारी येऊन बसला. मी त्याच्याशी बोललो नाही. चहा त्यानेच पाजला.

२० मार्च
अर्ज गेला. 'कुटुंब' म्हणजे नवरा, बायको, दोन मुलं, असा नियम. आईसाठी रकाना नाही, तिला 'इतर'मध्ये टाकलं. घरी नीट समजावून सांगितलं की याने काही फरक पडत नाही. आई म्हणाली, इतर म्हणजे छत्र्या-चपला ठेवतात तिथे ना रे? बायको आणि लेक हसत सुटल्या. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. नियम कुणाला तरी धरून करावे लागतात.

३० एप्रिल
लागलं. घर लागलं.

सोडतीच्या सभागृहात माझा नंबर पुकारला तेव्हा मी बसूनच राहिलो. पट्टीने हाताला धरून उभं केलं. पाचवा मजला, लिफ्टशेजारी, नववा फ्लॅट. कॉम्पॅक्ट कॉर्नर. पट्टी म्हणाला, चला, निदान कुंडी तरी मिळाली. जळतो. त्याचा नंबर लागला नाही.

घरी सांगितलं. आईने पाठीवरून हात फिरवला, खूप वर्षांनी. मला रडू आलं. खिडकीपाशी पलंग, हे तिला पुन्हा एकदा सांगितलं. खिडकी कुठे उघडते ते सांगितलं नाही. डक्ट म्हणजे काय हे तिला कुठे समजावत बसणार.

१४ जुलै
साइटवर गेलो. वॉचमन आत सोडेना. मी म्हटलं, ही बिल्डिंग मी काढलीय. तो म्हणाला, काढली असेल, बांधली नाही ना. फाटकातून पाचवा मजला बघून आलो. बाहेरून प्रशस्त वाटतो.

२ सप्टेंबर
आईला सरप्राइज द्यायचं ठरवलं. नव्या घरात जुनी लोखंडी खाट शोभत नाही आणि बसतही नाही. सुताराकडे नवीन पलंग टाकला. माप अंदाजाने नाही दिलं. मंजूर प्लॅनची झेरॉक्स घेतली, स्केल लावली आणि त्यात जो पलंग आहे त्याचं माप काढून लिहून दिलं. म्हणजे इंचाचीही चूक नको. सुतार कागद उलटासुलटा करून म्हणाला, लहान मुलासाठी का, साहेब? मी म्हटलं, सरकारी नकाशा आहे, खाली सही-शिक्का आहे, तू फक्त लाकूड काप. या लोकांना प्लॅन वाचता येत नाहीत.

१५ सप्टेंबर
सकाळी भंगारवाल्याला खाट देऊन टाकली. आई बघत होती. दुपारी पलंग आला. पॉलिश उत्तम.

रात्री – आई आडवी झाली आणि पाय पोटऱ्यांपर्यंत बाहेर. सुताराला फोन करून चांगलाच झापला. तो झेरॉक्स घेऊनच आला. माप तंतोतंत. म्हणजे चूक कुठे झाली ते कळेना. जानेवारीची पानं चाळावीत असं क्षणभर वाटलं, पण मागे वळून बघत बसायचा माझा स्वभाव नाही. म्हातारपणी माणूस आकसतो म्हणतात. आई अपवाद. ती म्हणाली, अंथरूण पाहून पाय पसरावे हे ठाऊक होतं, पण याला पाय कापावे लागतील. तात्पुरता उपाय म्हणून पायथ्याशी स्टूल ठेवलं.

१६ सप्टेंबर
स्टुलाला अडखळून पडलो. गुडघा सुजला. बायको म्हणाली, भंगारवाल्याला गाठा. गाठला. खाट कापून झाली होती.

४ ऑक्टोबर
ताबा पुढच्या महिन्यात. तोवर आईने कुशीवर झोपावं, असं ठरलं. म्हणजे मी ठरवलं. नव्या घरी गेल्यावर लगेच मोठा पलंग करून घ्यायचा. जागा आहे. मीच काढलीय.

६ नोव्हेंबर
ताबा पुढच्या महिन्यात. पाण्याचं कनेक्शन नाही. घरमालक रोज जिन्यात उभे राहून कॅलेंडरबद्दल बोलतात.

९ डिसेंबर
चावी मिळाली. सगळे गेलो. पलंग टेम्पोतून बरोबरच नेला. तो हॉलमध्ये असा चपखल बसला की मी टाळी वाजवली. दाराला घासून, भिंतीला टेकून, अगदी कागदावर बसला होता तस्सा.

मग स्टूल ठेवून पाहिलं. दार उघडेना. पलंग फिरवला, तर स्वयंपाकघर बंद. मोठा पलंग घ्यायचा तर दार काढावं लागेल, असं मी म्हटलं. बायकोने विचारलं, म्हणजे आईंनी लिफ्टसमोर उघड्यावर झोपायचं? मी म्हटलं, पडदा लावू. ती बाहेर जाऊन उभी राहिली. तिथे निदान उभं राहायला जागा होती.

आई खिडकीपाशी गेली. खिडकी उघडली. समोर पाइप, खाली पाइप, कुठेतरी कुणीतरी चूळ भरत होतं. बराच वेळ बघत राहिली आणि खिडकी हळूच लावून घेतली. मग माझ्याकडे न बघता पलंगावर पडली, गुडघे पोटाशी घेतले आणि म्हणाली, बसतं की. मला बरं वाटलं. तिला उठवायला मात्र दोघं लागलो. गुडघे सरळ होईनात. लेक माझ्याकडे अशी बघत होती की मी मीटर बघायला बाहेर गेलो.

२१ डिसेंबर
सामान हलवलं. निम्मं जिन्यात. फ्रिजचं दार अर्धंच उघडतं. बायको माझ्याशी कामापुरतंच बोलते आणि काम तर संपतच नाही.

आईने परस्पर ताईला फोन केला होता, हे ताईकडूनच कळलं. माझी मोठी बहीण, दुसऱ्या गावात असते, मागे एक रिकामी खोली आहे. आई म्हणाली, थंडी सरेपर्यंत जाऊन येते. मी म्हटलं, थंडीचा काय संबंध? ती म्हणाली, गुडघ्यांचा आहे. मी चिडलो. एवढी वर्षं खपून घर मिळवलं ते काय रिकामं ठेवायला, असं बोलून गेलो. ती म्हणाली, रिकामं कुठे राहतंय. आणि खरंच, आम्ही तिघं उभे होतो तेवढ्यात घर भरलं होतं.

२६ डिसेंबर
आईला बसमध्ये बसवून आलो. दोन महिन्यांत काहीतरी करतो म्हटलं. ती म्हणाली, कर. लहानपणी मी मोठेपणी विमान चालवणार म्हणायचो, तेव्हाही ती असंच म्हणायची.

३० डिसेंबर
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. पुढच्या स्कीमला मजल्यावर दहा हवेत. तुमच्या घरावरूनच सुचलं म्हणाले, तुम्ही राहून दाखवलंत. मी सांगणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. पण पुढे पट्टी बसला होता, त्याच्यासमोर बरं दिसलं नसतं. संध्याकाळपर्यंत दहा बसवले. पलंगाची जागा आली तेव्हा पेन्सिल खाली ठेवून चहाला गेलो. परत आलो तर पट्टीने पलंग काढून ठेवला होता, आखूड. मी तो तसाच राहू दिला.

३१ डिसेंबर
ताईकडून आईचा फोन. झोप छान लागते म्हणाली, पाय लांब करून. मग लेकीची चौकशी, बायकोच्या सर्दीची चौकशी. मी सांगितलं, इकडे सगळं सुरळीत आहे, थोडी मांडामांड राहिलीय, तू ये आता राहायला. ती म्हणाली, येईन ना, सकाळच्या बसने येईन आणि संध्याकाळच्या बसने परत जाईन.

मी बरं म्हटलं. मला फार वाईट वाटलं. रात्री थांब, असं म्हणायचं होतं, पण कुठे, ते सांगता आलं नसतं.