भाव एक, ओवाळणी बंद

१२ फेब्रुवारी १९८९
फैजपूरच्या लग्नाला वाजवून परतलो. एक गोष्ट डोक्यातून जात नाही. वरातीत नवरदेवाच्या मामेभावाने दहाची नोट त्याच्यावरून ओवाळली आणि रस्त्यावर टाकली. आमच्या आधारला – क्लॅरिनेटवाला, साठीचा माणूस – म्हणाला, "हात लावायचा नाही. दातांनी उचल."
आधार वाकला. लोक शिट्ट्या मारत होते. पुढचं अख्खं गाणं त्याचा सूर हलत होता. कुणाला कळलं नाही. मला कळलं.

१३ फेब्रुवारी
आधारला विचारलं, कशाला वाकलास? "भाऊ, कंबर दुखस, पन पोट बी शे ना."
खरं आहे. आम्ही बँडवाले सातशे सांगतो ते ओवाळणीच्या भरवशावर. म्हणजे गिऱ्हाईक अर्धा भाव माझ्या हातात देतं, अर्धा रस्त्यावर टाकतं. आणि तो अर्धा वाकून उचलायचा.

१५ फेब्रुवारी
अमळनेरच्या दुकानात बसून नव्याने भाव बांधला. टेम्पो, माणसांची मजुरी, लाल डगल्यांची धुलाई, सकाळच्या तालमी – तालमीचे पैसे आजवर कोणी धरलेच नव्हते. आणि पावसाळा. त्या दिवसांत ढोल बंद असतो, चूल नाही. तोही लग्नसराईनेच भरायचा.
अकराशे. पाटी रंगवून घेतली – 'भाव एक. ओवाळणी बंद.'
बायको, आमची लिलाबाई, पाटीकडे बघून म्हणाली, "पाटी राहील. बँड राहील का?"

२ मार्च
शिंदखेड्याचं गिऱ्हाईक. बसतानाच म्हणालं, "पैशाचं काही नाही, मास्तर." तेव्हाच ओळखलं, हा घासाघीस करणार. धुळ्याचा पंडित बँडवाला सातशेत येतो, वर ओवाळणी त्याची, असं ऐकवलं.
मी म्हणालो, "चहा घ्या. भाव पाडू नका."
चहा घेतला. पंडितकडे गेला.

९ मार्च
एकही लग्न नाही.

२० मार्च
ढोलवाला मगन पंडितकडे गेला. जाताना पायाकडे बघत होता. "भाऊ, वाकनं पडस, पन रोज तर भेटस." राग नाही त्याचा. उरलेल्यांना थोडे थोडे पैसे खिशातून दिले. लिलाबाईने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
नऊशे करू का? मनातल्या मनात म्हणून पाहिलं. आपल्याच कानाला खोटं वाटलं. नऊशे म्हटलं की पुढचा आठशे म्हणणार, आणि आधार पुन्हा रस्त्यावर.
नाही. अकराशे.

६ एप्रिल
चोपड्याचे एक गृहस्थ आले, मुलाचं लग्न. म्हणाले, "भाच्याच्या वरातीत अर्धा बँड वाजवत होता, अर्धा नोटा वेचत होता. गाणं काही ऐकायला मिळालं नाही. तुमचे खरंच वाकत नाहीत?"
"वाकले तर पैसे परत न्या."
अकराशे, एका बोलीत.

१४ एप्रिल
चोपड्याची वरात. कोणीतरी सवयीने नोट टाकलीच. आधारने मान वर ठेवली, सूर लांबवला आणि पुढे गेला. मागून सगळे गेले. नोट तिथेच. शेवटी टाकणाऱ्यानेच उचलली – लोक हसले. जागेवरच दोन लग्नं ठरली!

२८ एप्रिल
तारखा भरत आल्या.
आणि आमच्या प्रमिलाचं ठरलं. मुलगा धुळ्याचा. व्याही खुशीत म्हणाले, "बँडची तर काळजीच नाही, घरचाच!" लिलाबाईनेही मान डोलावली. मी म्हणालो, नाही. घरचं लग्न म्हणून माझ्या माणसांनी फुकट वाजवायचं? आणि पैसे दिले तरी, पोरीच्या लग्नात ते उन्हात उभे आणि आम्ही पंगतीत? त्या दिवशी ते पाहुणे. वाजवायला दुसरा बँड.
दुसरा म्हणजे पंडितच. सातशेवाला. चला, स्वस्तात पडेल.

३ मे
धुळ्याला पंडितच्या दुकानात गेलो. दारावर नवी पाटी – 'बाराशे. ओवाळणी बंद.' चोपड्याची गोष्ट ऐकून मगननेच तिथे पहिल्यांदा वाकायला नकार दिला म्हणे, मग बाकीच्यांनीही.
मी म्हणालो, "पंडितराव, घरचं लग्न आहे, जरा बघा ना..." तोंडातून गेलंच.
पंडितने कप पुढे सरकवला. "चहा घ्या, भाऊ. भाव पाडू नका."
चहा घेतला. बाराशे ठरवून आलो.