पितळी डबा, आमरस आणि सुका बांगडा

मी, मीराबाई भ्रतार सोनू यलवे, वय साठीच्या आसपास, धंदा पूर्वी गिरणीत वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळणे, हल्ली घरात सूचना देणे, राहणार डिलाईल रोडची चाळ, मुंबई, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहवून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. पुरावा हवा असेल तर आज सकाळी सुनेच्या कालवणात एक आमसूल जास्त पडलं हे मी नुसत्या वासावरून सांगितलं आणि तिने ते कबूल केलं. माझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही. तसं करायची छाती असलेला माणूस या मजल्यावर राहत नाही.

मी सांगते आणि शेजारचे शामराव लिहितात. ते कोर्टात कारकून आहेत, त्यामुळे मध्येमध्ये ‘सदरहू’ घालतात. मी ते खोडायला लावते.

कलम १. खोली सरकारची आहे, ती मला कुणाला देता येत नाही. भाड्याची पावती मुलगा आनंदा याच्या नावावर करावी. आनंदा गुणी आहे, पण त्याला जीभ फक्त बोलायला दिलेली आहे. ताटात पडेल ते खातो आणि ‘छान’ म्हणतो. एकदा मी मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही, तरी छान. म्हणून स्वयंपाकघरातली एकही वस्तू त्याला देत नाही. त्याने वाईट वाटून घेऊ नये. त्याला वाटणारही नाही.

कलम २. पाटा-वरवंटा, मसाल्याचे डबे आणि पोस्टात असेल ते, सून पद्मजा हिला. ही मुलगी पिकलेला पेरू आणि भाजलेला सुका जवळा एकत्र वाटते, वर हिरवी मिरची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हटलं, “अगं, डोकं फिरलं की काय तुझं?” ती म्हणाली, “आई, आधी चाखा, मग शिव्या द्या.” मी चाखली. शिव्या राहूनच गेल्या. ही चटणी मी तिच्या माघारी भाकरीबरोबर खाते, हे तिला या कागदावरून पहिल्यांदाच कळतं आहे. समोर बसून हसते आहे.

कलम ३. माझ्यामागे दहावं, तेरावं, पिंड, काही करू नये. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच ते सोडलं. कावळ्याला माझी आवड काय ठाऊक? वंदना म्हणावी आणि चाळीतल्या माणसांना पोटभर जेवू घालावं. मात्र दुधीभोपळा करू नये. सासूला आवडायचा म्हणून मी तो उभा जन्म गिळला. माझ्या नावाने तो दुसऱ्या कुणाच्या पानात पडला तर मला अजिबात खपणार नाही.

कलम ४. हे मोठं आहे, शामरावांनी पेन भरून घ्यावं.

माझा गिरणीत नेलेला पितळी डबा गंगुबाई सावंत हिला. गंगू मालवणची, मराठ्याची. मी महारवाड्यातली. वाइंडिंगला आमची यंत्रं शेजारी, पण प्यायच्या पाण्याची मडकी वेगळी आणि जेवायला बसायचं तेही हातभर सोडून. एका वैशाखात तिच्या डब्यात नुसता आमरस आणि चपाती होती. माझ्या डब्यात भाकरी आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. तिने दोन घास खाल्ले, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, “गोड गोड किती खावचा गे?” मग इकडे तिकडे बघून हात लांब केला, माझ्या बांगड्याचा तुकडा मोडला, रसात बुडवला आणि तोंडात टाकला. दुसरा तुकडा मोडला. तेव्हा मीही माझा घास तिच्या रसात बुडवला.

रस आणि बांगडा ज्याने खाल्ला नाही त्याला समजावून उपयोग नाही. त्यानंतर एकही आंब्याचा मोसम आम्ही चुकवला नाही. पण सगळं गिरणीत, गाठोड्यांच्या आडोशाला. माझ्या दाराशी ती शंभरदा आली असेल, उंबऱ्यावर उभी राहून तासतासभर बोलली असेल, पण चहा विचारला की “आत्ताच घेतलंय गे.” मुंबईसह महाराष्ट्राच्या मोर्चात अश्रुधुरातून हात धरून पळालो, एका लोट्याने पाणी प्यालो. घरी परतलो की पुन्हा उंबरा. मला याचा राग आहे. खूप आहे, आणि जीव आहे म्हणून आहे.

तरी अट अशी, की गंगूने माझ्या खोलीत यावं, पाटावर बसावं, दार सताड उघडं ठेवावं आणि रस-बांगडा खाऊन डबा न्यावा. मी असताना आली तर माझं सोनं होईल. मागाहून आली तर पद्मजाने वाढावं. आलीच नाही तर डबा फळीवर ठेवावा, मोडीत घालू नये.

दुरुस्ती. वरचा मजकूर शामरावांनी साक्षीदारांसाठी मोठ्याने वाचला. दुसरी साक्षीदार म्हणून गंगूलाच बोलावलं होतं. ती नेहमीप्रमाणे उंबऱ्यात उभी होती. कलम चार ऐकून खाली बघत राहिली. मग म्हणाली, “माजी सासू होती तवसर भियालंय. मगे येवक लाज वाटाक लागली.” पुढे म्हणाली, “आता तू मरासर थांबू काय गे? आंबे ऱ्हवतले काय तोसर?” आणि आत आली.

दार उघडं होतं. गॅलरीतून जाणारे येणारे बघत होते, तिने त्यांच्याकडे तोंड करूनच पाट मांडला. पद्मजाने रस काढला, मी बांगडा भाजला. गंगूने तीन वाट्या संपवल्या आणि पद्मजाला सांगितलं, “त्या पेराच्या चटणीचा काय ता पण हाड.” पद्मजाने वाटीभर आणून वाढली. मी रडले. आनंदा म्हणाला, “आई, जेवण छान झालंय.”

शामराव म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देऊ नये. म्हणून कलम चार खोडलं आहे. डबा मी आत्ताच तिच्या हातात दिला. बाकीचं कायम.

ठिकाण : डिलाईल रोड, मुंबई, राज्य महाराष्ट्र. (हे मुद्दाम लिहवलं. गेल्या रविवारी नवं राज्य झालं, त्याचे गॅलरीतले दिवे अजून उतरवलेले नाहीत.)
तारीख : रविवार, ८ मे १९६०

सही : मीराबाई सोनू यलवे (स्वहस्ते, रात्रीच्या वर्गात शिकले)

साक्षीदार :
१. शामराव गोविंद तांडेल, सही
२. गंगुबाई सावंत, अंगठ्याची निशाणी. शामराव शाईची डबी शोधत होते, तोवर हिने जेवत्या हाताचाच अंगठा टेकवला. निशाणी पिवळी आहे ती आमरसाची. ती कुणी पुसू नये.