फळ्यावरची तारीख

पेण,
८ डिसेंबर १९६८

प्रिय फ्लोरा,

तुझं पत्र मंगळवारी आलं. फेब्रुवारीत तू आणि जेकब येणार, बाबांना कायमचं इस्रायलला नेणार, त्यांच्यासाठी खोलीसुद्धा रंगवून ठेवलीस. बाबा खूश झाले. मीही झाले असते. पण त्यांची ट्रंक आवरायला घेतली आणि तळाशी त्यांची हवेच्या नोंदींची वही सापडली. तेव्हापासून माझा राग उतरत नाही. अक्षर वेडंवाकडं येतंय, त्याला कारण तोच.

रोह्याच्या शाळेबाहेरच्या फळ्यावर बाबा रोज सकाळी पुढच्या दोन दिवसांची हवा लिहायचे आणि शेजारी खडूने ढग काढायचे. आपल्या दोघींना अंगणात उभं करून तेच शिकवायचे. खाली सपाट आणि वर फुगलेले कापसाचे पुंजके असले की हवा चांगली. उंचावरची पांढरी पिसं एकटी असली तर भिण्यासारखं काही नाही. पण ती दाट होऊन सूर्याभोवती कडं पडलं की सावध व्हायचं. मग राखाडी थर खाली उतरतो आणि पाऊस धरतो. थंडीत त्या फळ्याला फार मान. कापलेलं भात कधी खळ्यावर पसरायचं, हे लोक तिथे वाचून ठरवायचे. बाबा अधूनमधून चुकायचेही. लोक हसायचे आणि सोडून द्यायचे.

बासष्टच्या डिसेंबरात मात्र सोडलं नाही. मी तेव्हा अलिबागला ट्रेनिंगला होते. मला एवढंच कळलं, की बाबा हिवतापाने पडले होते, फळ्यावर ‘आभाळ निरभ्र, मळणीस योग्य’ असं होतं, आणि दोन दिवस पाऊस कोसळला. नदीपलीकडच्या गिरजाबाईने रचून ठेवलेल्या भाऱ्यांची उडवी मोडून सगळं भात उघडं टाकलं होतं. विधवा बाई, पदरात दोन मुली, वर्षाचं धान्य ते. आठवड्याने मी घरी आले तेव्हा ती मोड आलेलं भात मुठीत घेऊन आपल्या अंगणात उभी होती. म्हणाली, “मास्तर, तुमच्या खडूवर इस्वास ठेवला वो मी. आता पोरींना काय घालू?” बाबा पांघरूण गुंडाळून उठले आणि म्हणाले, “चूक माझी, बाई.” तू माझ्याशेजारी दारात उभी होतीस, फ्लोरा. तुझा हात माझ्या हातात होता. तू तो घट्ट आवळलास. मला वाटलं, बाबांसाठीच!

त्यानंतर बाबांनी खडू हातात धरला नाही. लोक त्यांना टाळू लागले आणि मला पेणला नोकरी लागताच त्यांनी रोहं सोडलं. तू तर त्याआधीच विमानात बसली होतीस.

आता वहीत काय आहे ते वाच. अक्षर तापातलं, पण त्यांचंच. ‘सूर्यास कडे. थर उतरत आहे. दोन दिवस पाऊस. खळी उघडू नयेत असे फलकावर लिहिण्यास फ्लोरास सांगितले.’ आणि खाली, ‘फ्लोराने केवळ तारीख बदलली.’

केवळ तारीख! आदल्या दिवसाचं ‘आभाळ निरभ्र’ तसंच ठेवलंस. तुला त्या दिवशी पासपोर्टच्या कामाला मुंबईची एस.टी. गाठायची होती ना? फळा पुसून चार शब्द लिहायला किती वेळ लागला असता? पण घाईत माणूस चुकतो, तेवढं मी पोटात घातलं असतं. गिरजाबाईसमोर गप्प राहिलीस, ते नाही घालू शकत. बाबांना विचारलं तर म्हणाले, “माझं नाव गेलंच होतं. ती तरी सुखाने जाऊ दे म्हटलं.”

गुरुवारी मी रजा टाकून रोह्याला गेले आणि गिरजाबाईला सगळं सांगितलं. तिने हातातलं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “सा वरसं मास्तरांच्या वाटंला गेले नाय मी. येते, त्यांना बघून जाते.”

काल ती आली. बाबा माझ्याकडे रागाने बघत राहिले आणि तिला म्हणाले, “मिरियमचं मनावर घेऊ नका. तापात मीच चुकीचं सांगितलं होतं.” मी तिला दाखवायला वही मागितली तर त्यांनी ती उशीखाली दाबून धरली. गिरजाबाई बिचारी एकदा त्यांच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. चहा न घेताच गेली. जाताना मला म्हणाली, “बाय, खरं कुनाचं मानू?” म्हणून हे पत्र. माझ्या सांगण्याने हे मिटणार नाही आणि बाबा मरेपर्यंत तुझ्यासाठी खोटं बोलत राहतील. तू गिरजाबाईला लिही. रोह्याच्या शाळेच्या पत्त्यावर पाठव, तिची मुलगी जनी आता तिथेच शिकवते, ती वाचून दाखवेल. बाबांना न्यायचं तर खुशाल ने, मी अडवणार नाही. पण आधी गिरजाबाईला तुझं पत्र पोचू दे; खोटे ठरलेले बाबा मी तुझ्या हाती देणार नाही.

तुझीच, रागावली तरी तुझीच,
मिरियम