केळीचे चार खांब

शनिवार, संध्याकाळ

एअरगनचे छर्रे पत्र्याच्या डब्यावर टणटण वाजतात, म्हणून शेजारचे आबा रोज दुपारी ओरडतात. आज त्यावर डोकं चालवलं. फैजपूरच्या मित्राच्या मळ्यातून घड उतरवलेल्या केळीचे चार जाड खांब आणले. फुकट! एकाला अंगणात उभं करून अकरा छर्रे मारले. सगळे आतच रुतले, आवाज नुसता 'पुच्'. आबांची झोपसुद्धा मोडली नाही. काय हुशार मी!

पण चार कशाला आणले? एक पुरला असता की! चार खांब बघून समोरच्या अक्कांनी विचारलं, "सत्यनारायण शे का भाऊ?" नेमबाजीचं कसं सांगणार? "हो" म्हणून बसलो. तासाभरात बठ्ठ्या, म्हणजे अख्ख्या गल्लीला आमंत्रण. पूजा उद्याच. बायको रवा भाजतेय, माझ्याशी बोलत नाहीये.

आत्ता आबा येऊन गेले. डोळ्यांत पाणी. म्हणाले, "बंदूक सोडून देवाला लागलास, लई बरं केलंस. सकाळी चौरंगाला खांब मीच बांधीन."

आणि ती अकरा भोकं? शेवटी एकेक हळदीकुंकवाने बुजवलं. आता चारांत तोच खांब जास्त पवित्र दिसतोय.